खांब हलतो तेव्हा

औंढा नागनाथच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. शंकराच्या देवळात तो समोर असायचा, पिंडीवर नजर लावून. इथे तो देवळाच्या पाठीशी बसला आहे. याचं कारण मराठवाड्यात पोरासोरांनाही ठाऊक असतं. नामदेव महाराज देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांना ते खपलं नाही, त्यांनी नामदेवांना मागे पिटाळलं. नामदेवांनी मागे जाऊन कीर्तन सुरू केलं आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी मात्र होता तिथेच राहिला. दुसरी कथाही इथलीच. पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर नामदेवांना म्हणतात, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून ज्या बाजूला ठेवतात त्या बाजूला पिंड.

दोन्ही कथा भक्तीच्या आहेत, तशा दिशेच्याही आहेत. पहिलीत आवाज जिकडून येतो तिकडे ऐकणारा वळतो. दुसरीत वळायचं कारणच उरत नाही, कारण सगळ्या दिशा सारख्याच भरलेल्या आहेत. अँटेनाचं शास्त्र याच दोन टोकांच्या मध्ये पसरलेलं आहे, आणि योगायोग असा की आज औंढा तालुक्यात दोन्ही टोकं सापडतात. पहिलं टोक प्रत्येक गच्चीवर आहे. दुसरं दुधाळ्याच्या माळावर उभं राहतंय. आणि या दोहोंमधला दुवा समुद्रात आहे, औंढ्यापासून सरळ रेषेत साडेचारशे किलोमीटरवर.

सुरुवात गच्चीवरून करू. टीव्हीच्या डिशला आपल्याकडे सर्रास छत्री म्हणतात. औंढ्यात रात्री रस्ता चुकलात तर या छत्र्या दिशा सांगतील, कारण सगळ्या साधारण दक्षिणेकडून आग्नेयेकडे तोंड करून असतात. ज्या उपग्रहांवरून आपल्याला वाहिन्या मिळतात ते सगळे विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहेत, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेत एकाच जागी टांगल्यासारखे. दूरदर्शनची फुकटची फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. औंढा ७७ रेखांशावर, १९.५ अक्षांशावर. गणित मांडलं की औंढ्याच्या गच्चीवरून जीसॅट-१५ उत्तरेपासून उजवीकडे मोजत १३८ अंशांवर दिसतो, म्हणजे जवळपास नेमका आग्नेयेला. आणि क्षितिजापासून ६० अंश वर. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला, म्हणून त्याची छत्री जास्त दक्षिणेकडे वळलेली, १६३ अंशांवर, आणि थोडी अधिक वर, ६६ अंशांवर.

आपण छत्री पाहतो तेव्हा ती ६० अंश वर बघते आहे असं मुळीच वाटत नाही. ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघत असल्यासारखी बरीच उभी असते. याचं कारण तिच्या आकारात आहे. ती पूर्ण वाटी नसते, मोठ्या वाटीचा वरच्या बाजूचा कापलेला तुकडा असते, म्हणून तिची खरी नजर दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश वर जाते. हे माहीत नसल्यामुळे गावोगावी किती झाडं तुटली असतील कुणास ठाऊक. सिग्नल गेला की लोकांचं बोट समोरच्या कडुलिंबाकडे जातं. ६० अंशांच्या नजरेला अडवायला छत्रीपेक्षा पाच मीटर उंच झाड तीन मीटरच्या आत असावं लागतं. रस्त्यापलीकडच्या झाडाचा यात काही दोष नाही.

झाड आड येतंय की नाही हे तपासायची एक सुरेख युक्ती आहे, तीही फुकट. मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरचे पहिले दिवस, सकाळी अकराच्या आसपास, औंढ्यातून पाहिलं तर सूर्य बरोबर जीसॅट-१५ च्या मागे येतो. सूर्य स्वतः रेडिओलहरींचा प्रचंड गोंगाट करतो, त्यामुळे त्या काही मिनिटांत चित्र फाटतं, लोक कंपनीला फोन लावतात. फोन लावायच्या ऐवजी गच्चीवर जावं. त्या क्षणी सूर्य आणि उपग्रह एकाच रेषेत असतात. छत्रीवर कशाची सावली पडली असेल तर तीच वस्तू उपग्रहाच्या आड येते. सावली नसेल तर झाडाला हात लावू नका.

छत्री बसवणाऱ्याचं कौशल्य तीन कोनांत असतं: दिशेचा, उंचीचा आणि एलएनबीच्या पिळाचा. एलएनबी म्हणजे छत्रीपुढे दांडीवर बसवलेला डबा. उपग्रहाकडून आलेल्या लहरी छत्री त्याच्यावर गोळा करते, तो त्यांची वारंवारता उतरवून वायरीतून खाली पाठवतो. आपल्याकडच्या डीटीएचच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन पातळ्यांत कंप पावतात. उपग्रह औंढ्याच्या थेट दक्षिणेला असता तर एलएनबी सरळ बसवून भागलं असतं. तो पूर्वेकडे सरकलेला आहे म्हणून एलएनबीलाही पीळ द्यावा लागतो, जीसॅट-१५ साठी ३८-३९ अंश. हा पीळ विसरला की अर्ध्या वाहिन्या येतात, अर्ध्या येत नाहीत, आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपलं रिचार्ज संपलं.

साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंश रुंद असते. फ्री डिशच्या शेजारी अवघ्या दीड अंशावर, ९५ पूर्वेला, डिश टीव्हीचा उपग्रह आहे. म्हणून नवख्याच्या हातून नेहमी होणारी चूक अशी की सिग्नल मोजायच्या मीटरवर पट्टी भरते, चित्र मात्र येत नाही; छत्री शेजारच्या उपग्रहाला चिकटलेली असते. मीटरवर दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची, एक गुणवत्तेची. ताकदीची पट्टी एलएनबीच्या स्वतःच्या खरखरीनेही भरते. जाणता माणूस गुणवत्तेची पट्टी पाहतो.

पण जाणता माणूस त्याच्याही आधी खांब पाहतो. या लेखाचं खरं म्हणणं इथेच आहे. छत्रीवर कोनाच्या खुणा कोरलेल्या असतात, पण त्या खऱ्या ठरतात फक्त खांब ओळंब्यात असेल तर. खांब दोन अंश कलला असेल तर दिशा बदलताना उंचीही बदलते आणि उंची सुधारताना दिशा हातची जाते. मग माणूस दुपारभर पाना घेऊन छत्रीशी झटत राहतो. छत्रीचा दोष नसतो, उपग्रहाचा तर नसतोच. पत्र्याला एका खिळ्यावर ठोकलेला, पावसाळ्यात भिंतीसकट हललेला खांब त्या दुपारचा धनी असतो. तक्रारींचा दुसरा मोठा धनी म्हणजे सांधा. वायर एलएनबीत शिरते तिथल्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी जातं, तांब्याची तार हिरवी पडते. यावर उपाय पाच रुपयांचा: रबरी टोपी, आणि वायरला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, आत उतरत नाही. सूर्याची ती काही मिनिटं सोडली तर आभाळात दोष असण्याचा प्रसंग फक्त जोराच्या पावसाचा. लहरींची लांबी अडीच सेंटिमीटर. पावसाचे टपोरे थेंब त्यांना शोषतात आणि उधळतात. त्याला इलाज नाही, ढग जाईपर्यंत चहा घ्यावा.

आता हाच खांब समुद्रात नेऊ.

मुंबईहून दुबईकडे निघालेल्या जहाजावर कामाची पाळी संपलेल्या खलाशाला क्रिकेटचा सामना पाहायचा आहे. मुंबईच्या धक्क्यावर जीसॅट-१५ ५८ अंश उंचीवर, १३१ अंश दिशेला होता. दुबईत तो ३८ अंशांवर उतरलेला आणि दिशा ११८. म्हणजे प्रवासभर तिन्ही कोन सरकत राहतात. हे सरकणं संथ असतं, त्याचं काही वाटू नये. खरा घोळ जहाजाच्या डोलण्याचा. लाटेबरोबर जहाज दहा-पंधरा अंश या कुशीवर, तेवढंच त्या कुशीवर होतं, नाक वर जातं, खाली येतं, आणि वळतं तेव्हा छत्रीखालचा सगळा डेकच फिरतो. तीन अंशांची नजर असलेली छत्री यात एक सेकंदही टिकणार नाही.

म्हणून जहाजावरची छत्री फायबरच्या पांढऱ्या घुमटात असते आणि घुमटात ती मोटारींच्या चौकटीवर तोललेली असते. घुमट वारा आणि खारा शिडकावा अडवतो. आत जायरो संवेदक जहाज किती वेगाने कुठे कलतंय हे सतत मोजतात आणि मोटारी छत्रीला तेवढीच उलटी हलवतात. जहाज उजवीकडे आठ अंश कललं, छत्री डावीकडे आठ अंश. बाहेरून पाहणाऱ्याला छत्री नाचताना दिसते, उपग्रहाला ती स्थिर दिसते. जायरोची मोजणी हळूहळू भरकटते, म्हणून छत्री आणखी एक गोष्ट करते: उपग्रहाभोवती बारीक घिरट्या घालते, कुठल्या बाजूला सिग्नल थोडा चढतो ते पाहते आणि तिकडे सरकते. जमिनीवर जे काम पाना घेऊन माणूस एकदा करतो ते इथे यंत्र प्रत्येक सेकंदाला करत असतं.

महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे. जुन्नरजवळच्या आर्वीला १९७१ मध्ये विक्रम भूकेंद्र सुरू झालं, परदेशाशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं व्यापारी केंद्र. जहाजांसाठीच्या इन्मारसॅट यंत्रणेचं भारतातलं भूकेंद्रही पुढे याच आर्वीला होतं. भर समुद्रातल्या जहाजाचा निरोप सह्याद्रीच्या कुशीतल्या खेड्यात उतरायचा.

जहाजावरची छत्री बिघडली की काय करतात हे जाणून घेण्यासारखं आहे, कारण दोष शोधण्याची ती उत्तम शाळा आहे. हे काम बहुधा जहाजाच्या विद्युत अधिकाऱ्याकडे येतं आणि त्याच्याजवळ सुटे भाग नसतात. पुढचं बंदर आठ दिवसांवर असतं. त्यामुळे तो घुमट उघडण्याआधी प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न: धक्क्याला बांधलेलं असताना चित्र येत होतं का? येत होतं आणि समुद्रात जातंय, तर एलएनबी, वायर, बॉक्स यांना सोडून द्या. संशय जायरोवर, मोटारीवर, झिजलेल्या पट्ट्यावर. धक्क्यालाही येत नसेल तर उलट. दुसरा प्रश्न: ठरावीक दिशेला तोंड असतानाच जातं का? तसं असेल तर छत्री निर्दोष आहे, त्या दिशेला डोलकाठी, क्रेन किंवा धुराडं उपग्रहाच्या आड येतंय. तिसरा: जहाजाने मोठं वळण घेतलं की दोन-चार मिनिटं जातं आणि आपोआप परत येतं का? तर आतल्या वायरीला पीळ बसल्यामुळे छत्री उलटा फेरा मारून तो सोडवून घेतेय. जुन्या बनावटीत हा दोष मानायचं कारण नाही. चौथा, आणि यात पुष्कळ जण फसतात: छत्री बरोबर दिशेला थांबते, सिग्नलही भरतो, पण ती पुन्हा पुन्हा शोध सुरू करते. याचा अर्थ तिला उपग्रह सापडलाय, ओळख पटत नाहीये. प्रत्येक उपग्रहाच्या प्रवाहात त्याच्या जाळ्याचा क्रमांक असतो. वाहिनीवाल्यांनी हा क्रमांक किंवा वारंवारता बदलली आणि छत्रीच्या यादीत जुनीच राहिली, तर ती दारात उभ्या पाहुण्याला ओळखत नाही. इथे पाना कामाचा नाही. यादी नवी करावी लागते.

काही दोष तर माणसाच्या उत्साहातून येतात. घुमट पिवळा पडला म्हणून कुणीतरी डेकवरचा चकचकीत रंग मारतो. त्या रंगात धातूची भुकटी असली की लहरी आत यायच्या थांबतात. एलएनबी बदलला, नवा चाळीस ग्रॅमने जड निघाला, तोल पुन्हा साधला नाही, तर मोटार सतत ताणात राहून गरम होते. घुमट रडारच्या पट्ट्यासमोर बसवला तर एलएनबीच जळतो. आणि जहाजाच्या दिशेची, म्हणजे जायरो होकायंत्राची, खबर छत्रीला देणारी तार सुटली, तर छत्री आंधळी होऊन साऱ्या आकाशात फिरत बसते. पुन्हा तेच: नजर शाबूत आहे, पायाखालचं काय चाललंय याची खबर नाही.

हे सगळं औंढ्याच्या लेखात कशाला, असं वाचकाला वाटलं असेल. जहाजाला डोलवणारी लाट औंढ्यापर्यंत येते म्हणून. हे अलंकारिक विधान नाही. समुद्राच्या लाटा तळाला आणि किनाऱ्याला ढकलत राहतात, त्यातून जमिनीत दर पाच-दहा सेकंदांना एक असा मंद कंप तयार होतो आणि तो शेकडो किलोमीटर आत पसरतो. भूकंपमापकाच्या कागदावर तो सतत दिसतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की तो वाढतो. आपल्याला तो जाणवत नाही, गुरांना जाणवत नाही, छत्रीला जाणवत नाही. दुधाळ्याला जे उभं राहतंय त्याला जाणवणार आहे.

दुधाळ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिल्यांदा अशी लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली होती. ११ फेब्रुवारी २०१६ ला ही बातमी जाहीर झाली आणि १७ फेब्रुवारीला भारत सरकारने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली, सहा दिवसांत. त्यानंतर मात्र कागद आपल्या नेहमीच्या चालीने चालले. २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला ६ एप्रिल २०२३ उजाडला. पुण्याचं आयुका, इंदूरचं राजा रामण्णा केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचं मुंबईचं बांधकाम संचालनालय हे काम करत आहेत. दशकाच्या अखेरीपर्यंत यंत्र चालू व्हावं असं ठरलं आहे.

या अँटेनाला छत्री नाही. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, सव्वा मीटर जाड, आत निर्वात. कोपऱ्यावर लेझरचा किरण दुभागतो, दोन्ही बाहूंच्या टोकांपर्यंत जातो आणि आरशांवरून परततो. गुरुत्वीय लहर आली की एक बाहू किंचित लांबतो, दुसरा आखूड होतो, आणि परतलेल्या दोन किरणांचा मेळ बिघडतो. किंचित म्हणजे किती? २०१५ च्या त्या लहरीने चार किलोमीटरमध्ये घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा होता. एवढं मोजायचं आणि खाली जमीन समुद्राच्या लाटांनी हलतेय, रस्त्यावर ट्रॅक्टर चाललाय, दूर कुठे आगगाडी धावतेय.

म्हणजे लायगोही जहाजावरच आहे, फक्त त्याचं जहाज जमीन आहे. उपायही त्याच जातीचा. अमेरिकेतल्या यंत्रांत आरसे ज्या मंचावरून टांगलेले आहेत त्याला संवेदक लावलेले असतात. जमीन हलली की मंच उलटा सरकतो, घुमटातल्या छत्रीसारखा. त्याच्याखाली चार टप्प्यांचा लंबक. शेवटच्या टप्प्यात ४० किलोचा काचेचा आरसा, ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्याच चार तंतूंवर. प्रत्येक टप्पा वरची थरथर आणखी गाळतो.

छत्रीला उपग्रह सापडला की आपण सिग्नल आला म्हणतो. लायगोवाले म्हणतात, लॉक लागला. आरशांमधली अंतरं इतकी नेमकी धरायची की बाहूंत प्रकाश शेकडो वेळा ये-जा करत साठत जाईल. जगात कुठेही मोठा भूकंप झाला की काही मिनिटांनी त्याच्या लाटा येतात आणि लॉक तुटतो. पुन्हा लागेपर्यंत कधी तास जातात. पहिल्या पिढीची यंत्रं २००२ ते २०१० चालली आणि त्यांना एकही लहर सापडली नाही. त्या आठ वर्षांना काही जण अपयश म्हणतात. मी म्हणणार नाही. ती खांब ओळंब्यात आणण्याची वर्षं होती.

आणि सांध्यात पाणी शिरण्याचे प्रकार इथेही होतात. २०१७ च्या उन्हाळ्यात हॅनफर्डच्या यंत्रात मधूनच काही खुणा उमटू लागल्या, आकाशातून आलेल्या नसलेल्या. अशा वेधशाळेत मुख्य संकेताखेरीज दोन लाखांहून जास्त नोंदी सतत होत असतात: मायक्रोफोन, भूकंपमापक, चुंबकमापक, तापमान, वीज. त्यांतल्या मायक्रोफोनमध्ये टकटक ऐकू आली. बाहेर जाऊन पाहिलं तर द्रव नायट्रोजनच्या यंत्रणेतून निघणाऱ्या नळीवर बर्फ साठत होतं आणि त्यावर चोचींच्या खुणा होत्या. तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते. नळीला आवरण घातलं, बर्फ साठायचं थांबलं, टकटकही थांबली. दुधाळ्याला कावळे आहेत, उन्हाळा त्याहून कडक आहे. तिथे आणखी एक फरक असेल: अमेरिकेत विजेची गुणगुण ६० हर्ट्झवर त्रास देते, आपल्याकडे ती ५० वर देईल.

दोष शोधण्याची सगळ्यात नाट्यमय घटना मात्र १७ ऑगस्ट २०१७ ची. भारतात संध्याकाळचे सहा वाजून गेले होते. अवकाशातल्या फर्मी दुर्बिणीने गॅमा किरणांचा एक भपका नोंदवला. हॅनफर्डच्या नोंदीत त्याच्या १.७ सेकंद आधी संपणारा एक लांबलचक संकेत होता, दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा. असा संकेत दोन्हीकडे हवा. लिव्हिंग्स्टनच्या स्वयंचलित यादीत तो नव्हताच. शास्त्रज्ञांनी मूळ नोंद उघडून पाहिली. संकेत तिथेही स्पष्ट होता. पण टक्कर होण्याच्या सेकंदभर आधी यंत्रात एक जोरदार खरखर आली होती, पाव सेकंदापेक्षाही छोटी, आणि संगणकाने नियमाप्रमाणे तो सगळा भाग बाद केला होता. जहाजावरच्या त्या छत्रीसारखंच झालं होतं: सापडलं होतं, ओळखलं गेलं नव्हतं. माणसांनी तेवढा तुकडा काढून बाकीचा संकेत वाचला.

पुढे प्रश्न आला दिशेचा. लायगो कुठेही वळवता येत नाही. चार किलोमीटरच्या नळ्या कोण वळवणार? तो जवळपास सगळ्या आकाशाकडून एकदम ऐकतो, विसोबांच्या कथेसारखा, आणि म्हणूनच आवाज कुठून आला हे एकट्याला सांगता येत नाही. दिशा काढायची एकच रीत: दूरदूरच्या दोन-तीन वेधशाळांत लहर किती फरकाने पोचली ते मोजायचं. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनमधला जास्तीत जास्त फरक १० मिलिसेकंद. त्या दिवशी या दोघांवरून आकाशातला १९० चौरस अंशांचा पट्टा मिळत होता. इटलीतली व्हर्गो वेधशाळा त्याच महिन्यात सामील झाली होती आणि तिला संकेत जवळजवळ ऐकूच आला नव्हता. ही निराशा वाटावी, पण तीच किल्ली ठरली. व्हर्गोच्या आंधळ्या कोपऱ्यातून लहर आली असेल तरच असं होऊ शकतं. पट्टा २८ चौरस अंशांवर आला, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि ११ तासांत १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत तो नवा प्रकाशबिंदू सापडला. पुढे त्याच्या रेडिओ उजेडाचा मागोवा घेणाऱ्यांत नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही होती, ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्यांची.

औंढ्याची गरज इथून कळते. लिव्हिंग्स्टन ते दुधाळा हे अंतर पृथ्वीच्या पोटातून सरळ मोजलं तर साडेअकरा हजार किलोमीटर भरतं. लहरीला ते कापायला सुमारे ३८ मिलिसेकंद लागतील. दहाच्या जागी अडतीस. अंतर वाढलं की दिशा बारीक होते. अमेरिकेने हा तिसरा संच आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केला होता. ते २०११ मध्ये मागे हटले आणि भारताचं पारडं जड झालं. ते उगाच झालं नाही. १९७० मध्ये सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी हलवलेलं कृष्णविवर कसं घुमून शांत होतं याचं गणित मांडलं होतं. जयंत नारळीकरांनी उभारलेल्या आयुकात संजीव धुरंधर १९८९ पासून गोंगाटातून संकेत वेगळा काढण्याच्या पद्धती रचत होते, लहर सापडण्याच्या सव्वीस वर्षं आधी. लोक विचारायचे, हे कशासाठी. २००९ मध्ये इंडिगो हा भारतीय गट स्थापन झाला तेव्हा त्याच्याजवळ यंत्र नव्हतं, माणसं होती.

आता खांबाचं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमाराला औंढ्याच्या हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, दहा मिनिटांनी ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. लगेच चर्चा सुरू झाली की लायगोची जागा चुकली. माझ्या मते ही चर्चा अर्धवट माहितीवरची आहे. मधूनच येणाऱ्या धक्क्याने लॉक तुटतो, तो पुन्हा लावता येतो. इमारत आणि नळ्या अशा धक्क्यांचा हिशेब धरूनच बांधायच्या असतात. वेधशाळेला मारते ती रोजची कुरकुर. जागा निवडताना समुद्रापासूनचं अंतर, आगगाडी, महामार्ग, कारखाने यांचा रोजचा कंप मोजला जातो. भूकंप आपल्या हातात नाही, रोजची कुरकुर आहे.

म्हणून हिंगोलीच्या प्रशासनाला आणि औंढ्याच्या पुढाऱ्यांना विनंती आहे. वेधशाळा आली की मागोमाग हॉटेलं, प्लॉटिंग, खडी केंद्रं आणि रुंद रस्ते येतील. देवस्थानामुळे गर्दी आधीच आहे. दुधाळ्याच्या आसपास सुरुंग, क्रशर आणि जड वाहतूक कुठे चालेल, कुठे नाही, हे यंत्र सुरू होण्याआधी ठरवून टाका. नंतर हटवताना ज्याचं पोट त्यावर असेल तो रस्त्यावर येईल. आणि हिंगोलीच्या आयटीआयमध्ये निर्वात यंत्रणा, बारीक वेल्डिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सचे अभ्यासक्रम आत्ताच सुरू करा. चार अधिक चार किलोमीटर नळीची गळती शोधायला, दोन लाख नोंदींतली एक टकटक ओळखायला पीएच.डी. लागतेच असं नाही. खांब आधी तपासणारी पोरं लागतात, आणि ती औंढ्याच्या गच्च्यांवर आजही पाना घेऊन फिरताहेत.